दावणीतला जमाखर्च

रायपूरहून दुर्गकडे निघालेली गाडी खारून नदीचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात कुम्हारीचे स्थानक येते. मागे छत्तीसगडची राजधानी, पुढे भिलाईचा पोलाद कारखाना, आणि मध्ये मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेले हे गाव. या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे आला, आणि रायपूर, दुर्ग, राजनांदगाव या भागांत मराठी कुटुंबे स्थिरावली. पुढे १९५५ मध्ये सोविएत सहकार्याचा करार होऊन भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली, आणि त्या निमित्ताने आणखी काही मराठी घरे या वाटेने आली.

भाताची कापणी व मळणी उरकली की गाडीच्या खिडकीतून या मुलखात आणखी एक ओळखीची गोष्ट दिसते. घरामागे किंवा शेताच्या कडेला सोनेरी रंगाच्या उंच गंजी उभ्या असतात. भात झोडून घेतल्यावर उरलेल्या काडाच्या या गंजी. छत्तीसगडी माणूस त्या काडाला पैरा म्हणतो. भंडारा-गोंदियाचा शेतकरी तणस म्हणतो. कोकणात तोच पेंढा होतो. नावे तीन, वस्तू एक. भाताच्या प्रदेशातील गाय वर्षाचे कितीतरी महिने मुख्यतः याच काडावर जगते. म्हणून कुम्हारीच्या गाईची कथा ही पुष्कळशी भंडाऱ्याच्या आणि रत्नागिरीच्या गाईचीही कथा आहे.

या परिसरात हिंडले तर ढोबळमानाने दोन प्रकारचे गोठे आढळतात. पहिला गोठा घरच्या गाईचा. त्यात बहुधा कोसली गाय असते. छत्तीसगडच्या मैदानातील ही नोंदणीकृत देशी जात. अंगाने लहान, खाण्याने माफक, उन्हाला काटक आणि दुधाला बेताची. दिवसा चरून यावे, सायंकाळी पैरा चघळावा, घरात असेल तर मूठभर कोंडा मिळावा, असा तिचा शिरस्ता. दुसरा गोठा शहराच्या कडेला वाढलेला. रायपूर आणि भिलाई या दोन्ही शहरांना दूध हवे, म्हणून तेथे संकरित गाई बांधलेल्या असतात. त्यांच्यापुढे पैरा पडतोच, पण त्यावर पेंड, चुणी आणि कोंडा यांचा सढळ मारा होतो. दूध वाढावे म्हणून मालक पेंड वाढवतो. ती वाढवूनही दूध वाढले नाही, तर त्याला वाटते, पेंड अजून कमी पडत असावी.

पहिल्या गोठ्यात गाय अर्धपोटी असते आणि दुसऱ्यात पैसा वाहून जात असतो. दोन्ही ठिकाणची चूक मात्र एकाच प्रकारची आहे. गाईच्या पोटात काय जाते, त्यातले काय दुधात उतरते आणि काय शेण-मूत्रातून बाहेर पडते, याचा जमाखर्च कोणीच मांडलेला नसतो.

असा जमाखर्च मांडण्याची कल्पना नवी नाही. बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये दुभत्या गाईच्या चाऱ्यातील नत्र मोजले, आणि तिच्या दुधातील, शेणातील व मूत्रातील नत्र मोजून दोन्ही बाजू शेजारी मांडल्या. एखाद्या पेढीवरच्या मुनिमाने रोजकीर्द लिहावी तशी ही नोंद होती. पशुआहाराच्या शास्त्राचा पाया ज्या थोड्या प्रयोगांनी घातला, त्यांत तिची गणना होते. आजही हा विषय समजून घ्यावयाचा तर त्याच वाटेने जावे लागते.

येथे नत्राचा उल्लेख का, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. अन्नातील पिष्ट व स्निग्ध पदार्थांत नत्र नसते; प्रथिनांत ते असते. प्रथिनाच्या वजनाचा सुमारे सोळा टक्के भाग नत्राचा असतो. त्यामुळे नत्र मोजले की प्रथिनाचा माग लागतो. चाऱ्यात आलेले प्रथिन गाईच्या शरीरात शिरून कोठे गेले हे डोळ्यांना दिसत नाही. नत्राचा आकडा मात्र ते सांगतो.

आता गाईच्या पोटाकडे वळू. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात, आणि त्यांतील पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट, ज्याला पशुवैद्य रुमेन म्हणतात. मोठ्या संकरित गाईच्या कोटीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. हे पोट पचनाचे आहे असे म्हणण्यापेक्षा आंबवण्याचे आहे असे म्हणणे अधिक बरोबर होईल. त्यात अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. माणसाला जे काड पचत नाही, ते हे जीव फोडतात आणि त्यातून गाईला ऊर्जा मिळवून देतात. गाय प्रथम या जीवांना खाऊ घालते, आणि मग ते जीव पुढच्या पोटांत वाहत गेले की त्यांनाच पचवते. तिला मिळणाऱ्या प्रथिनाचा मोठा वाटा या सूक्ष्म जीवांच्या शरीरांतून येतो.

हे जीव प्रथिन घडवतात कसे? चाऱ्यातील बरेचसे प्रथिन ते मोडतात आणि त्याचा अमोनिया करतात. मग त्याच अमोनियापासून स्वतःचे नवे प्रथिन बांधतात. याचा अर्थ असा की त्यांना प्रथिनच हवे असा हट्ट नाही. साधे नत्र मिळाले तरी त्यांचे काम चालते. फिनलंडमधील विर्तानेन या शास्त्रज्ञाने ही गोष्ट फार ठळकपणे दाखवली. चारा टिकवण्याच्या पद्धतीबद्दल व कृषि-रसायनातील संशोधनाबद्दल त्याला १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुढे त्याने काही गाईंना प्रथिन जवळजवळ वगळून शुद्ध केलेले पिष्ट, काष्ठतंतू आणि नत्रासाठी युरिया व अमोनियाचे क्षार एवढ्यावर ठेवले. त्या गाईंनी दूध दिले, वासरे दिली. हे निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि गाईच्या पोटातील या अदृश्य कारागिरांची योग्यता जगाला पटली.

परंतु कारागीर कितीही कुशल असला तरी उपाशीपोटी काम करीत नाही. अमोनियापासून प्रथिन बांधण्यास ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा त्याच वेळी कोटीपोटात उपलब्ध असावी लागते. घर बांधण्याच्या जागी विटांच्या गाड्या भराभर आल्या आणि गवंड्याला भाकर मिळाली नाही, तर विटा आवारात पडून राहतात. येथे तर त्या पडूनही राहत नाहीत. वापरला न गेलेला अमोनिया कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातो. तो विषारी असल्यामुळे यकृत त्याचा युरिया करते, आणि त्या कामातही गाईची ऊर्जा खर्च होते. या युरियाचा काही भाग लाळेतून व रक्तातून पुन्हा कोटीपोटात येतो. ही निसर्गाची काटकसर होय. काही अंश दुधात उतरतो. उरलेला सारा मूत्रावाटे बाहेर पडतो.

हे तत्त्व हाती घेऊन पहिल्या गोठ्यात जाऊ. पैऱ्यात प्रथिन अवघे तीन-चार टक्के असते. सूक्ष्म जीवांचे काम नीट चालण्यास आहारात निदान सात टक्क्यांच्या आसपास प्रथिन असावे लागते. शिवाय भाताच्या काडात सिलिका फार, म्हणजे ते चिवट. नत्र नाही म्हणून जीव वाढत नाहीत. जीव नाहीत म्हणून काड फुटत नाही. काड फुटत नाही म्हणून पोट लवकर रिकामे होत नाही, आणि पोट भरलेले असल्याने गाय आणखी खात नाही. पैऱ्याच्या गंजीशेजारी उभी असलेली गाय अशा रीतीने भरल्या पोटी उपाशी राहते. तिचे शेण पाहिले तर त्यात न पचलेल्या काड्या दिसतात. मूत्रात नत्र फारच थोडे असते, कारण वाया घालवण्याइतके तिच्याजवळ नसतेच.

या गाईला महाग पेंडीचा ढीग नको आहे. तिला थोडे नत्र आणि थोडी हिरवाई हवी आहे. त्यासाठी एक साधी प्रक्रिया अनेक वर्षे सांगितली जात आहे. शंभर किलो काडावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, काड दाबून हवाबंद झाकावे आणि तीन आठवडे तसेच ठेवावे. या काळात युरियाचा अमोनिया होतो, तो काडात मुरतो, काड मऊ पडते आणि त्यातील प्रथिनाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. खाऊ घालण्यापूर्वी ते काड काही वेळ मोकळ्या हवेत पसरून ठेवावे लागते, आणि लहान वासरांना ते देऊ नये. युरिया नुसता तोंडी लागला तर जनावर दगावते, म्हणून हे काम जाणत्याकडून एकदा पाहून मगच करावे. दुसरा उपाय या मातीतच आहे. छत्तीसगडात उभ्या भातात ओल असतानाच तिवरा, म्हणजे आपली लाख, पेरण्याची जुनी रीत आहे. तिला उतेरा म्हणतात. अशा कडधान्याचा भुसा पैऱ्यापेक्षा नत्राने संपन्न असतो. तो पैऱ्यात मिसळला तर दोन्ही चारे सुधारतात.

आता दुसरा गोठा. येथे आकड्यांची थोडी मदत घेऊ. एखादी संकरित गाय दिवसाला दहा लिटर दूध देते असे धरू. त्यात प्रथिन सुमारे तीनशे वीस ग्रॅम, म्हणजे नत्र पन्नास ग्रॅम. साधारणतः गाय खाल्लेल्या नत्रापैकी पाव हिस्सा ते तीस टक्केच दुधात उतरवते. पाव हिस्सा धरला तर तिने दोनशे ग्रॅम नत्र खाल्ले असले पाहिजे. उरलेले दीडशे ग्रॅम शेण आणि मूत्र यांत गेले. उत्तम आहार असलेल्या गाईसुद्धा या बाबतीत पस्तीस टक्क्यांच्या फार पुढे जात नाहीत. तेव्हा बराचसा भाग बाहेर पडणे हा निसर्गाचा नियमच आहे. त्याबद्दल मालकाला दोष देता येणार नाही.

मालकाचा प्रश्न यापुढे सुरू होतो. गाईची गरज भागली असतानाच त्याने आणखी अर्धा किलो भुईमुगाची पेंड घातली असे समजा. त्या पेंडीत पंचेचाळीस टक्के प्रथिन धरले तर छत्तीस ग्रॅम नत्राची भर पडली. कोटीपोटात त्यासाठी ऊर्जा शिल्लक नाही, दुधाची धारही वाढण्यासारखी नाही. शेणातील नत्र आहाराबरोबर फारसे वर-खाली होत नाही. जादा नत्राची वाट मूत्राकडेच जाते. छत्तीस ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम युरिया खत. वर्षाचा हिशेब केला तर एका गाईमागे एकशे ब्याऐंशी किलो पेंड घातली जाते, आणि तिच्यातील नत्र अठ्ठावीस किलो युरियाइतके होऊन गोठ्याच्या जमिनीत मुरते. पेंडीच्या भावाने युरिया विकत घेणारा शेतकरी कोणालाही शहाणा वाटणार नाही. पण गोठ्यात हा सौदा रोज पहाटे होत असतो, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून पेंड किती यापेक्षा पेंड कशाबरोबर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पेंडीबरोबर भरडलेला मका किंवा ज्वारी, थोडी मळी, हिरवा मका अशी ऊर्जा देणारी वस्तू आली तर तोच अमोनिया प्रथिनात बांधला जातो. एकाच वेळी मोठी पाटी ओतण्याऐवजी तेवढाच आंबोण दोन-तीन वेळा विभागून दिला, तर अमोनियाचा लोंढा येत नाही आणि जीवांना सवड मिळते. पेंडीपेंडींतही फरक आहे. भुईमूग आणि मोहरी यांच्या पेंडीतील प्रथिन कोटीपोटात लवकर फुटते. सरकीच्या पेंडीतील आणि खोबऱ्याच्या पेंडीतील बराच भाग न फुटता पुढे जातो आणि आतड्यात थेट गाईच्या उपयोगी पडतो. अधिक दूध देणाऱ्या गाईंसाठी पेंडीवर विशिष्ट प्रक्रिया करून तिचे प्रथिन मुद्दाम असे पुढे पाठवण्याची पद्धत आपल्या देशातही रूढ झाली आहे. तीन लिटर दूध देणाऱ्या गाईला मात्र अशा पेंडीची गरज नसते. तिचे सूक्ष्म जीव तिला पुरेसे आहेत.

नत्राबरोबर खनिजांचाही थोडा विचार करावा लागतो, कारण भाताच्या मुलखात त्यांचे एक वेगळेच त्रांगडे आहे. कोंड्यात स्फुरद विपुल आणि कॅल्शियम अल्प. मालक कोंडा वाढवतो तसा स्फुरद वाढतो, आणि गरजेपेक्षा जास्त झालेला स्फुरद मुख्यतः शेणातून बाहेर पडतो. उलट पैऱ्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि तेही शेणाबरोबर निघून जाते. दुधातून कॅल्शियम रोज जात असते ते वेगळेच. विलेली गाय अंग टाकून बसते तेव्हा तिला दृष्ट लागली असे म्हणण्यापूर्वी हा हिशेब पाहावा. दररोज थोडे खनिज मिश्रण देणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

गाईने बाहेर टाकलेले द्रव्य शेतीला खतच होणार, मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. पण शेण आणि मूत्र यांचा स्वभाव एक नाही. शेणातील नत्र न पचलेल्या द्रव्यात आणि जीवांच्या शरीरांत बांधलेले असते. ते सावकाश सुटते आणि पिकाला पुरवून पुरवून मिळते. मूत्रातील युरिया मात्र फार चंचल. शेणाशी त्याचा संपर्क आला की शेणातील विकर त्याला फोडते आणि एक-दोन दिवसांत बराचसा नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. सकाळी गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारा दर्प हा त्या उडणाऱ्या संपत्तीचा दर्प होय. जो भाग जमिनीत मुरतो त्याचे नायट्रेट होते, आणि दाट वस्तीत, पुष्कळ जनावरांच्या शेजारी, ते विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात उतरू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. तान्ह्या मुलांना अशा पाण्याचा धोका विशेष असतो.

ही गोष्ट हाताबाहेर गेली म्हणजे काय होते, हे नेदरलंड्सने अनुभवले आहे. दुधासाठी जगभर नावाजलेल्या या लहानशा देशात जनावरे फार, जमीन थोडी आणि बाहेरून आणलेले पशुखाद्य उदंड. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने २९ मे २०१९ रोजी सरकारची नत्रविषयक परवान्यांची योजना रद्द ठरवली. पुढे अनेक बांधकामे अडली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. आपली अवस्था तशी नाही. पण शहरांच्या कडेला जेथे थोड्या जागेत बऱ्याच गाई बांधल्या जातात, तेथे त्या अवस्थेचे बीज पडू शकते.

छत्तीसगडच्या लोकांना शेणाचे मोल कोणी शिकवण्याची गरज नाही. घरामागचा उकिरडा, ज्याला तेथे घुरवा म्हणतात, ही घरची एक मालमत्ताच समजली जाते. राज्य शासनाने २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, गोधन न्याय योजना सुरू केली आणि गोपालकांकडून दोन रुपये किलो दराने शेण विकत घेण्यास आरंभ केला. दोन वर्षांनी गोमूत्राचीही चार रुपये लिटर दराने खरेदी सुरू झाली. २०२३ च्या अखेरीस राज्यात सत्तांतर झाले आणि ती खरेदी पुढे चालली नाही. योजनेच्या गुणदोषांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण तिने एक गोष्ट लोकांच्या नजरेस आणली : ज्या वस्तूला काटा लागतो, तिच्याकडे लक्ष जाते. शेणाला काटा लागला होता. दावणीतल्या चाऱ्याला तो अजून लागलेला नाही. आणि शेण व मूत्र कसे उतरणार, हे तर दावणीतच ठरते.

चाऱ्याला काटा लावण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय दुग्ध योजनेत आहार-संतुलनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा गावातीलच शिकलेल्या माणसांना तयार केले. ती गाईचे वजन फितीने अजमावीत, दूध मोजीत, घरात कोणता चारा आहे ते विचारीत, आणि त्याच चाऱ्यातून कमी खर्चाचे मिश्रण सुचवीत. कुम्हारीपासून दूर नसलेल्या दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय व कामधेनू विद्यापीठ आहे. शंका विचारण्यास जागा आहे. घरच्या घरी पाहण्यासारख्या खुणाही आहेत. शेणात लांब काड्या दिसल्या तर पोटातील जीवांना नत्र कमी पडत असावे. शेण पातळ आणि गोठ्यात दर्प तीव्र, तर पेंड गरजेपेक्षा अधिक होत असण्याचा संभव असतो. जेथे डेअरीत सोय आहे, तेथे दुधातील युरिया तपासून हीच गोष्ट आकड्यात कळते. आणि जे बाहेर पडायचे ते पडलेच, तर गाईखाली काड किंवा कोरडी माती पसरून मूत्र त्यात मुरू द्यावे, आणि ते रोज घुरव्यात टाकून झाकावे. आपल्या आज्या-पणज्या गोठ्याची माती बदलून शेतात टाकीत, त्यामागे हेच शहाणपण होते.

गाईला आपण माता म्हणतो, तिच्या नावाने सण करतो, बैलपोळ्याला आणि वसुबारसेला तिच्या कुळाची पूजा बांधतो. त्या पूजेला कोणी नाव ठेवणार नाही. परंतु अर्धपोटी गाईला पूजेच्या दिवशी मिळालेला नैवेद्य वर्षभर पुरत नाही. आणि भरमसाट पेंड खाणाऱ्या गाईला मालकाचे प्रेम मूत्रावाटे परत करावे लागते. दोघींनाही हवी आहे ती थोडी मोजदाद.

यापुढे कधी कुम्हारीवरून गाडी गेली, किंवा भंडाऱ्याच्या, कोकणाच्या भातशेतीतून गेली, आणि काडाच्या त्या सोनेरी गंजी दिसल्या, तर त्यांकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहावे. त्या गंजीत दूध आहे, पण एकटीत नाही. तिच्या जोडीला मूठभर नत्र, मूठभर दाणा आणि एक तराजू मिळाला, तर तेच काड गाईच्या पोटात दूध होते, शेतात खत होते, आणि कोणाच्या विहिरीत विष होत नाही.